न्यू जर्सीत एडिसनजवळ एनजे फॅमिलीकेअर (इथलं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) घेणारे पीए (फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांसारखे तपासून औषधं देणारे) माहितीयेत का?

नवऱ्याचा जॉब गेला, आता एनजे फॅमिलीकेअर मिळालंय पण आधीचं क्लिनिक ते घेत नाही. फिजिशियन असिस्टंटही चालेल, माझ्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, प्लीज सुचवा.

— ताई, नुसतं मेडिकेड घेता का विचारून भागत नाही, कार्डवर होरायझन, एट्ना असं जे प्लॅनचं नाव असेल ते सांगून विचारा, आणि नवीन पेशंट घेतायत का तेही, प्लॅनची डॉक्टरांची डिरेक्टरी बऱ्याचदा जुनी असते.

— कम्युनिटी हेल्थ सेंटर बघा, एचआरएसए या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेच्या साइटवर झिपकोड टाकला की जवळची दिसतात. तिथले पीए बीपीची औषधं लिहून देतात. गोळ्या मधेच बंद करू नका हं, आजच फार्मसीत रिफिलचं विचारा.