‘व्हॅलेरियन’ पडला, तरी माझ्या लेखी तो मोठा सिनेमा आहे

गंगापूररोडकर

रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर फ्रेंच दिग्दर्शक ल्यूक बेसाँचा २०१७ चा ‘व्हॅलेरियन अँड द सिटी ऑफ अ थाउजंड प्लॅनेट्स’ लावला होता. अर्ध्यावर येईपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. उरलेल्यांचा सूर एकच: दिसायला भारी आहे, पण स्टोरी कुठे आहे? मला हे अजिबात पटत नाही. स्टोरी डोळ्यांसमोर चालली होती आणि मंडळी ती संवादांत शोधत बसली होती.

सुरुवातच घ्या. १९७५ साली अमेरिकेचं अपोलो आणि रशियाचं सोयुझ अंतराळात जोडलं गेलं आणि दोन्हीकडच्या अंतराळवीरांनी हात मिळवले. ही खरी घटना. सिनेमा तिथून निघतो. मग एकेका देशाची माणसं त्या स्थानकावर येत जातात आणि दर वेळी दारात कुणीतरी हात पुढे करून उभं असतं. पुढे परग्रहावरचे जीव यायला लागतात. कुणाचा हात यंत्राचा, कुणाचा चिकट, काहींना हात म्हणावं असं काही नाहीच. स्वागत करणारे म्हातारे होऊन बदलतात, स्वागत थांबत नाही. मागे डेव्हिड बोवीचं गाणं. शेवटी स्थानकाचा पसारा इतका वाढतो की पृथ्वीजवळ ठेवणं धोक्याचं, म्हणून त्याला दूर अवकाशात धाडतात. हजार ग्रहांचं शहर, म्हणजे अल्फा, कसं वसलं, हे एकाही पात्राने बसून समजावलेलं नाही. याला स्टोरी म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि तो ‘बिग मार्केट’! माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत साय-फायमध्ये इतकी अवघड गोष्ट इतकी सोपी करून कुणी दाखवलेली नाही. पर्यटक उघड्या वाळवंटात उभे आहेत. डोक्यावर हेल्मेट, हातात हातमोजे चढवले की समोर दुसऱ्या मितीतला अफाट बाजार, मजल्याखाली मजले, गल्लीबोळ, नाना जातींचे दुकानदार. हिरो व्हॅलेरियन एका पेटीत हात घालतो: हात पिस्तुलासकट बाजारात, बाकीचा माणूस वाळवंटात. पेटी बिघडते आणि हात तिकडेच अडकतो. आता पाठलाग दोन जगांत एकाच वेळी चाललाय. इकडे वाळू आणि रखरखीत ऊन, तिकडे रंगीत काळोख. नुसत्या उजेडावरून आपल्याला कळतं की आत्ता आपण कुठे आहोत. एकदाही गोंधळ होत नाही. असा प्रसंग कागदावर रेघ न् रेघ आखल्याशिवाय उभा राहत नाही.

बेसाँच्याच १९९७ च्या ‘फिफ्थ एलिमेंट’मध्ये इफेक्ट्सचे शॉट दोनशेच्या आत होते, इथे सत्तावीसशेच्या वर. न्यूझीलंडची वेटा, अमेरिकेची आयएलएम, कॅनडाची रोडिओ एफएक्स अशा तीन मोठ्या स्टुडिओंनी ते केले. पण संख्येपेक्षा मला भावतं ते हे, की एकाही जीवाकडे बघून ‘हा आधी कुठेतरी पाहिलाय’ असं वाटत नाही.

सातपूरचा फिटर

भाऊ, बाजाराचा सीन कडक आहे, मान्य. पण सिनेमा १३७ मिनिटांचा आहे. त्यातली वीस-पंचवीस मिनिटं सोडली तर उरतं काय? तो मेजर व्हॅलेरियन, ती सार्जंट लॉरलिन, आणि सगळा वेळ ‘माझ्याशी लग्न कर’, ‘नाही करत’. डेन डिहान आणि कारा डेलेव्हीन एकमेकांशेजारी उभे असतात, एकमेकांचे वाटत नाहीत. त्याला गोळी लागली असती तरी मला काही वाटलं नसतं. हिरोची काळजीच वाटली नाही तर मागे हजार ग्रह असोत नाहीतर लाख.

आणि गायिका रिहानाने केलेल्या त्या बबलचा भाग? लॉरलिनला सोडवायला म्हणून मध्येच एक मोठं वळण घेतलंय. नाच झाला, बबल आली, बबल गेली, मूळ गोष्ट आहे तिथेच. आमच्या शॉपमध्ये कुणी असा जास्तीचा पार्ट बसवला तर सुपरवायझर मशीन थांबवेल.

गंगापूररोडकर

जोडी जमलेली नाही यावर मी भांडणार नाही. पण बबलचा भाग जास्तीचा नाही. ती रूप बदलणारी आहे, क्षणात दहा वेश पालटते, आणि तिला स्वतःचं म्हणून ना ओळखपत्र ना घर. नाच बघताना आपण रमतो आणि नाच संपल्यावर कळतं की हे सगळं ती सक्तीने करत होती. अल्फा हे स्वागताचं शहर, आणि त्याच शहराच्या पोटात ही बाई अडकलेली. सुरुवातीच्या हस्तांदोलनाची दुसरी बाजू आहे ती. हा भाग काढला तर ते शहर पर्यटन खात्याच्या जाहिरातीसारखं उरेल.

आणि आपण नाशिककरांनी तरी ‘नुसतं दिसायला भारी’ असं तोंड वाकडं करून म्हणू नये. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये पेटलेली लंका आणि उडणारा मारुती बघायला माणसं लोटली, ती संवाद ऐकायला नव्हे. सिनेमा मुका होता. डोळे विस्फारायला लावणं हे हलकं काम असतं, तर पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक कशाला बांधलं असतं?

पंचवटी_जुना_वाडा

फाळक्यांचं नाव काढलंत म्हणून लिहितो, कारण तुमचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. मारुती उडाला की लोक हात जोडत, कारण सीता अशोकवनात का बसली आहे हे पोराटोरांना पाठ होतं. फाळक्यांना गोष्ट सांगावीच लागत नव्हती, म्हणून ते सगळी ताकद दृश्यावर लावू शकले. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. सिनेमा सुरू होताना तिचा नुसता चेहरा दाखवलाय, एकामागून एक भाव बदलताना. त्यांनी आधी माणूस दाखवला, नाग आणि डोह मागाहून. बेसाँनी शहर आधी दाखवलं आणि माणूस दाखवायचा राहून गेला. तुमच्या हॉलमधल्या खुर्च्या त्यामुळे रिकाम्या झाल्या.

गंगापूररोडकर

काका, हा मुद्दा वजनदार आहे. पण मग ज्यांना ती पात्रं पाठ होती त्यांचाही विचार करा. सिनेमा ज्यावर बेतलाय ते फ्रेंच कॉमिक १९६७ पासूनचं आहे. पिएर क्रिस्तँ लिहायचे, जाँ-क्लोद मेझिएर काढायचे. बेसाँ ते वाचतच मोठे झाले. फ्रान्समध्ये व्हॅलेरियन-लॉरलिन या जोडीची ओळख करून द्यावी लागत नाही. आपल्याला ती नवी आहे.

नाशिकरोडची_वाचक

मी कॉमिकचे इंग्रजी अनुवाद वाचलेत. सजावटीबद्दल दादा, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. राग आहे तो पटकथेवर. सिनेमाचा मुख्य आधार १९७५ चा ‘अँबॅसेडर ऑफ द शॅडोज’ हा भाग आहे. त्यात व्हॅलेरियनला राजदूतासह पळवून नेतात आणि अख्खं स्थानक पालथं घालते ती लॉरलिन, एकटी. ती सौदे करते, धमक्या देते, माहिती विकणाऱ्या त्या तीन जीवांना हाताळते. म्हणजे बाई शोध घेतेय आणि तिच्या डोळ्यांनी आपण स्थानक बघतोय. सिनेमात तिला थोडा वेळ शोधायला दिलं, लगेच पकडून मोठ्या टोपीखाली राजाच्या जेवणाला बसवलं आणि हिरोला सोडवायला पाठवलं. कॉमिकच्या मालिकेच्या नावातसुद्धा नंतर दोघांची नावं आली. सिनेमाच्या नावात एकाचंच. जोडी जमली नाही हा दोष नटांचा कमी, तिच्या हातचं काम काढून घेणाऱ्यांचा जास्त.

बाकी ‘स्टार वॉर्स’ची नक्कल म्हणणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. ‘स्टार वॉर्स’ १९७७ चा. ही दोघं त्याच्या दहा वर्षं आधीपासून भटकतायत.

सिडको_फिजिक्स

मला एक खुपतं. यात विज्ञान कुठे आहे? तो छोटा प्राणी एक मोती गिळतो आणि तसेच ढीगभर बाहेर टाकतो. ऊर्जा कुठून आली? आमची पिढी जयंत नारळीकर वाचून विज्ञानकथेकडे वळली, तिथे कल्पनेला हिशेब द्यावा लागायचा.

गंगापूररोडकर

सर, स्पेस ऑपेराकडे, म्हणजे अंतराळातल्या अशा साहसकथेकडे, तो हिशेब मागू नका. इथे नियम एकच, जे दाखवलं ते शेवटपर्यंत पाळायचं, आणि तो सिनेमाने पाळलाय. त्या प्राण्याचंच बघा. म्यूल ग्रहावरचे लोक मोती वाढवतात आणि त्यातले पुन्हा जमिनीला परत करतात. निसर्गाकडून घेतलं ते त्याला द्यायचं. त्यांची भाषा आपल्याला कळत नाही, तरी हे सगळं कळतं. मग आभाळातून जळती जहाजं कोसळायला लागतात. राजकन्या बंद दाराबाहेर राहते, आई-बाप आतून बघत असतात. तिथे माझा घसा दाटून आला, आणि तोवर हिरो पडद्यावर आलेलाही नव्हता. काकांना सांगायचंय ते हेच, की माणूस दाखवलाय. फक्त तो निळसर चमकणारा आहे.

पंचवटी_जुना_वाडा

म्यूलचा भाग मलाही लागला. पण मग शेवट बघा. ज्या ग्रहाचा नाश आम्ही डोळ्यांनी पाहिला, तोच कसा झाला, कुणी हुकूम दिला, का लपवला, हे शेवटी सगळे उभे राहून बोलत बसतात. कमांडर बोलतो, राजा बोलतो, मेजर बोलतो. तुम्ही म्हणता चित्र पुरेसं आहे. दिग्दर्शकाला तसं वाटलं नाही.

गंगापूररोडकर

ती बडबड मीही कापली असती. म्यूलच्या राजाने काही न बोलता माफ केलं असतं तर जास्त लागलं असतं. पण त्या एका प्रसंगाने आधीचं सगळं पुसलं जात नाही.

सातपूरचा फिटर

जगाने मात्र पुसलं की! सुमारे अठरा कोटी डॉलर घातले, जगभरातून गोळा झाले साडेबावीस कोटींच्या आसपास, त्यात थिएटरवाल्यांचा वाटा गेला. अमेरिकेत त्याच दिवशी नोलनचा ‘डंकर्क’ लागला आणि हा आपटला. पब्लिक येडं नसतं भाऊ.

गंगापूररोडकर

पब्लिकला येडं म्हणत नाही मी. पण हा पैसा हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओचा नव्हता. स्वतंत्रपणे, बराचसा पॅरिसजवळ उभा केलेला इतका महागडा सिनेमा युरोपात तोवर झाला नव्हता. तो आपटल्यावर अशा जोखमीला पुन्हा पैसे कोण लावणार, याचं मला वाईट वाटतं. सुरक्षित, तिसऱ्या-चौथ्या भागांच्या सिनेमांना मात्र पैसे कायम मिळतात.

पुढच्या रविवारी ‘फिफ्थ एलिमेंट’ लावतोय. त्याच्या संकल्पचित्रांवर मेझिएर यांनी स्वतः काम केलंय, आणि उडती टॅक्सी त्यांच्याच कॉमिकमधून आलीय. सगळ्यांनी या.

सातपूरचा फिटर

येतो. ब्रूस विलिस आहे, त्याची काळजी वाटते.