मदत हवी आहे: गॅरेजमध्ये पॅडलबोर्ड आणि सर्फबोर्ड कसे लावायचे? (नाशिक)

गोदाकाठचा
नमस्कार मंडळी. गॅरेजमध्ये तीन बोर्ड (पाण्यावर उभं राहून चालवायच्या लांब फळ्या) ठेवायचे आहेत आणि गाडीही तिथेच लागते. सध्या बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेत. रोज गाडी काढायच्या आधी ते हलवावे लागतात आणि कडा घासल्या जाताहेत. भिंतीवर लावू की वर टांगू? रविवारी फॅब्रिकेटर येतोय, त्याला मापं द्यायची आहेत. पावसाच्या तोंडावर त्याच्याकडे पत्र्याची कामं सुरू झाली की तो दिवाळीपर्यंत हाती लागत नाही. तयार स्टँड पाहिले, पण ते सगळे परदेशी लाकडी भिंतींसाठीचे आहेत. ज्यांनी आपल्याकडे केलंय त्यांनीच सांगा. घाई आहे.

खटपट्या
कसले बोर्ड? हवा भरायचे की कडक? लांबी, रुंदी, वजन? गॅरेज आतून किती बाय किती? वर स्लॅब आहे का पत्रा? फोटो टाका, म्हणजे अंदाजाने बोलायला नको.

देवळाली_कॅम्प
सरळ वर टांगा. मी दोन सायकली गेली कित्येक वर्षं कप्पीवर टांगतोय. चार कप्प्या, चांगली नायलॉन दोरी, भिंतीला दोरी अडकवायला एक हूक. खाली गाडी, वर बोर्ड. जमिनीवरची एक इंचही जागा जात नाही. बोर्ड सायकलीपेक्षा हलकाच असणार. बाकी कशाच्या नादी लागू नका.

गोदाकाठचा
@खटपट्या, एक कडक पॅडलबोर्ड, साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, साधारण १२ किलो. एक नऊ फुटी सॉफ्टटॉप (वरून मऊ फोमचा) सर्फबोर्ड, २३ इंच रुंद. तिसरा हवेचा पॅडलबोर्ड. गॅरेज १० बाय १८. फोटो रात्री टाकतो. @देवळाली_कॅम्प दादा, कप्पीची कल्पना आवडली. किती वजनाची घेऊ?

पाया_पक्का
थांबा. कप्पी घ्यायच्या आधी वर काय आहे ते सांगा. स्लॅब असेल तर अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये आवळून बसणारा बोल्ट) मारता येईल. तोही बीममध्ये नाही, कारण ड्रिल सळईवर जातं. पत्रा असेल तर खालच्या पर्लिनवर (पत्रा पेलणाऱ्या आडव्या पाइपवर) किती भार चालतो हे शेड बांधणाऱ्याला विचारल्याशिवाय काहीही टांगू नका. वाऱ्याच्या दिवसांत तो पत्रा आधीच ओढ सोसत असतो.

गोदाकाठचा
पत्रा आहे. उंची शटरकडून नऊ फूट, मागच्या अंगाला साडेदहा.

रेझिनवाला
पत्रा असेल तर कप्पी विसरा, आणि कारण वजनाचं नाही. मी सातपूरला फायबरग्लासचं काम करतो, बोर्डही दुरुस्तीला येतात. बहुतेक कडक पॅडलबोर्ड आतून ईपीएसचे, म्हणजे आपल्या थर्माकोलच्या जातीचे असतात. त्यावर काचेचं कापड आणि इपॉक्सी. साध्या खोलीत सेट केलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. त्याच वेळी आतल्या फोममधली हवा फुगते. वरचं कवच सैल आणि आतून दाब, मग कवच फोमपासून सुटतं. डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूवर, बोट दाबलं की तिथे टपटप असा पोकळ आवाज येतो. एकदा सुटलं की ते आपोआप परत चिकटत नाही.
आता दुपारी तीन वाजता शिडीवर चढून पत्र्याला खालून हात लावून बघा. हात ठेवता येत नाही. तुम्ही बोर्ड नेमका तिथे नेऊन टांगणार. गरम हवा वरच साठते, त्यात खाली नुकतं बंद केलेलं इंजिन. बोर्ड खाली आणा, भिंतीलगत, आडवे, कडेवर उभे.

देवळाली_कॅम्प
सायकलींना काही झालेलं नाही.

रेझिनवाला
दादा, सायकल लोखंडाची आहे.

देवळाली_कॅम्प
एक ॲल्युमिनियमची आहे. आणि पत्र्याखाली थर्माकोलचं सीलिंग करून घेतलं तर गरमी येत नाही, माझ्याकडे तेच आहे. मग टांगायला काय हरकत?

रेझिनवाला
हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. सीलिंग असेल तर गोष्ट वेगळी. यांच्याकडे आहे का?

गोदाकाठचा
सीलिंग नाही. आता सगळं वाचून एक सांगतो. सर्फबोर्डच्या खालच्या गुळगुळीत बाजूला तळहाताएवढा फुगवटा आलाय. मला वाटलं टेकवून ठेवल्यामुळे भार येऊन आला असेल. म्हणून तर रॅक करतोय. धूळ बसू नये म्हणून वर निळी ताडपत्री टाकलेली असते.

रेझिनवाला
भाराने फुगवटा येत नाही, खड्डा पडतो. फुगवटा म्हणजे गरमी. ताडपत्री आजच काढा. हवा अडवते आणि ओल आतच ठेवते. जुनी सुती चादर टाका, दोन्ही कामं होतील. फुगवट्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. सावलीत ठेवल्यावर रेघेच्या बाहेर गेला नाही तर घाई नाही, वाढत राहिला तर दाखवायला आणा. आताच सुई टोचून हवा काढू नका. पुढच्या वेळी पाण्यात गेलात की त्या भोकातून पाणी आत जाईल.

मुक्ता_नाशिक
मध्येच विचारते, नाशकात सर्फबोर्ड कुठे चालवता हो? माझी मुलगी मागे लागलीये.

गोदाकाठचा
ताई, सर्फबोर्ड कोकणात आणि कर्नाटकात मुल्कीला समुद्रावर जाताना नेतो. इथे फक्त पॅडलबोर्ड.

वैतरणा_वारी
@मुक्ता_नाशिक, मुलीला पहिले काही दिवस गुडघ्यांवर बसूनच चालवू द्या. उभी राहिली की पाय खांद्यांइतके फाकवून, मधल्या हँडलच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे. नजर पायाकडे नाही, लांब समोर. वल्ह्याचं पातं पुढे झुकलेलं असलं पाहिजे, नवीन माणसं हमखास उलटं धरतात. लाइफ जॅकेट पोहता येत असलं तरी घालायचंच. आणि सकाळी लवकर, दुपारनंतर धरणावर वारा सुटतो.

पंचवटीकर
धरणावर म्हणजे गंगापूरला का? ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. कुठेही बोर्ड घेऊन उतरायचं नाही. बोट क्लबच्या बाजूला चौकशी करून, परवानगी असेल तिथूनच जा. हे लिहिणं भाग आहे, कारण दरवर्षी बुडण्याच्या बातम्या वाचतो आणि जीव कासावीस होतो.

वैतरणा_वारी
पूर्ण सहमत. मी परवानगीशिवाय जा असं म्हटलेलं नाही.

खटपट्या
धागा गॅरेजचा आहे. हवेच्या बोर्डचं कोणीच बोललं नाही. तो भरून ठेवता का सोडून?

गोदाकाठचा
भरूनच ठेवतो. दर वेळी पंप मारायचा कंटाळा येतो.

गणिती
करून बघू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब साधारण १३.७ पीएसआय (टायरच्या हवेचं माप). सकाळी २५ अंशांना तुम्ही १५ पीएसआय भरलेत, आत एकूण २८.७. दुपारी आतली हवा ५५ अंशांवर गेली तर (दोन्ही तापमानांत २७३ मिळवून) २८.७ गुणिले ३२८ भागिले २९८, म्हणजे ३१.६. गेजवर जवळपास १८ दिसेल. रोज असा ताण आणि रोज सैल. शिवणीवर परिणाम होणारच.

अनघा_गंगापूर_रोड
माझ्याकडे हवेचेच दोन आहेत. भरून ठेवायचा असेल तर निम्मी हवा सोडा, नुसता आकार धरून राहील इतकीच ठेवा. गुंडाळायचा असेल तर आधी पूर्ण वाळवा. व्हॉल्व्हच्या खाचेत आणि फिन (तळाचं पातं) बसते त्या पट्टीत पाणी राहतं, तिथे कापडाचं टोक घालून पुसा. वळकटी सैल करा. दर वेळी एकाच रेघेवर घडी पडली की तिथून चिरतो. आणि पिशवी जमिनीवर नको, उंदीर! पीव्हीसी कुरतडतात. मी घरात कपाटावर ठेवते.

द्राक्षबाग
उंदरांसाठी डांबरगोळ्या टाका पिशवीत.

रेझिनवाला
नको! डांबरगोळी थर्माकोलला लागली की थर्माकोल विरघळतो, प्लास्टिकही मऊ पडतं. पेट्रोलचा कॅन, थिनर, रंगाचे डबे हेही बोर्डच्या शेजारी नकोत. गॅरेज म्हटलं की हे सगळं एकाच कोपऱ्यात असतं म्हणून सांगतोय.

द्राक्षबाग
बरं. मग कामाचं सांगतो. शटरवर दुपारचं ऊन येत असेल तर बाहेरून ७५ टक्क्यांचं हिरवं शेडनेट लावा. द्राक्षबागेचं सामान मिळतं त्या कुठल्याही दुकानात मीटरवर मिळेल. पत्र्यापासून फूटभर वर बांधून टाकलं तर आणखी चांगलं, मधून हवा खेळते. आमच्या पंपाच्या खोलीला तसंच केलंय, आत उभं राहवतं.

पाया_पक्का
आता रॅक. भिंत कसली आहे? नऊ इंची वीट, चार इंची, का एएसी ब्लॉक (हलक्या काँक्रीटचे)?

गोदाकाठचा
रो हाउस आहे. ज्या बाजूला लावायचंय ती शेजाऱ्यांची आणि आमची सामायिक भिंत. बहुतेक चार इंची.

पाया_पक्का
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! चार इंची सामायिक भिंतीत ड्रिल करायचंच नाही. बोर्ड पेलायला भिंतीतून बाहेर काढलेल्या हातावर भार आला की अँकर उपटतो, पलीकडे प्लास्टर उडतं आणि शेजाऱ्यांशी वाकडं येतं. जमिनीवर उभी फ्रेम करा. ४० बाय ४० चा चौकोनी पाइप, २ मिमी जाडीचा, सात फुटी दोन खांब. खाली मागे-पुढे पाय असलेली पट्टी, ती जमिनीला अँकरने. वरून दोन खांबांना जोडणारा आडवा पाइप. म्हणजे भिंतीला हात लावायची गरज नाही.

खटपट्या
मापं मी काढतो. दोन खांबांमध्ये सव्वापाच फूट, म्हणजे साडेदहा फुटी बोर्डची निम्मी लांबी. खांबांतून पुढे काढलेले खालचे हात जमिनीपासून १५ इंचांवर, पावसाचं पाणी शिरलं तरी बोर्ड वर राहील. पॅडलबोर्ड ३२ इंच, म्हणजे तो ४७ पर्यंत जाईल. वरचे हात ५२ वर, त्यावर सर्फबोर्ड. तो ७५ इंचांवर संपतो, सव्वासहा फूट. पत्रा नऊ फुटांवर, अडीच फुटांहून जास्त अंतर राहतं. हात ९ इंच लांब, टोक किंचित वर उचललेलं, नाहीतर बोर्ड घसरेल.

रेझिनवाला
बरोबर. पातळ सर्फबोर्ड वर आणि जड खाली हेही बरोबर. हातांना एसीच्या तांब्याच्या पाइपवर असतं ते काळं फोमचं नळकांडं चढवा, एसीवाल्याकडे तुकडे मिळतात. टोकांना रबरी बूच, नाहीतर गाडीतून उतरताना कोणाच्या तरी डोळ्याला लागेल. फिन काढून ठेवा. पायाची दोरी बोर्डभोवती गुंडाळू नका, वळ कायमचे पडतात. पट्टा बांधायचा तर नुसता अडवण्यापुरता. खटकाखटका करून आवळलात की फोमला खड्डा पडलाच.

अनघा_गंगापूर_रोड
कडक बोर्डला डेकवर छोटा स्क्रू असेल तो उघडा ठेवायचा ना?

वैतरणा_वारी
अजिबात नाही. बंदच ठेवायचा. विसरून पाण्यात गेलात तर बोर्ड पाणी पितो.

रेझिनवाला
दोघांचंही अर्धं बरोबर. स्क्रूचा व्हेंट (आतली हवा सोडायचं भोक) असेल तर ठेवताना ढिला करायचा आणि पाण्यात जाण्याआधी घट्ट. विशेषतः कोकणातून घाट चढून वर येताना बाहेरचा दाब कमी होतो, तेव्हा ढिला हवाच. चिठ्ठी लावा, वल्ह्याला बांधा, काहीही करा पण लक्षात ठेवा. गोरटेक्सचा आपोआप श्वास घेणारा व्हेंट असेल तर त्याला हात लावायचा नाही. तुमचा कुठला ते डेकवर बघा, नाणं घालून फिरवायची खाच असेल तर पहिला.

गोदाकाठचा
खाच आहे. ढिला केला तेव्हा फुस्स आवाज आला. ताडपत्री काढली, सर्फबोर्डवर पेन्सिलीची रेघ मारली, हवेचा बोर्ड सोडून घरात आणला. फ्रेमची मापं फॅब्रिकेटरला पाठवली, तो म्हणतो होईल. फक्त गॅरेजला कोटा फरशी आहे. अँकर फरशीतून मारले तर फुटेल का?

पाया_पक्का
हातोडा मोडवर मारलंत तर फुटेल. आधी साध्या फिरत्या मोडवर, टाइल्सच्या बिटने फरशी पार करा, पाणी टाकत. खाली काँक्रीट लागलं की मग हॅमर. आणि भोक फरशीच्या काठापासून किमान चार इंच आत घ्या.

देवळाली_कॅम्प
सीलिंग करायचं ठरलंच तर सांगा, माझ्याकडे आलेल्या माणसाचं काम चांगलं आहे. मग कप्पीही लावता येईल.