आडवा गहू आणि वुडपिजन

पावसाळी ऑगस्टात कापणी लांबते आणि कबुतरांची शिकार बंदच पडते, असं म्हणतात; इंग्लंडपुरतं ते मला अर्धंच पटतं. कापणी लांबते हे खरं. दाण्यातला ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत शेतकरी कंबाइन (कापणी-मळणीचं यंत्र) बाहेर काढायला राजी नसतो. काढलाच तर धान्य वाळवायच्या ड्रायरचं इंधन खिसा कापतं. त्यात ओंबीतच मोड आले की ब्रेडचा गहू जनावरांच्या खाद्याच्या भावाने जातो. २०१२ चा उन्हाळा आठवा, तिकडचा जवळपास शंभर वर्षांतला सर्वात ओला.

पण कापणी नाही, सांडलेले दाणे नाहीत, म्हणून वुडपिजन, म्हणजे तिकडची मोठी रानकबुतरं, येणारच नाहीत असं नाही. दाट उभ्या गव्हात त्यांना उतरता येत नाही. वादळी सरीने पीक लोळलं की मात्र त्या आडव्या पट्ट्यात थवेच्या थवे बसतात. डिकॉय, म्हणजे भुलवायला ठेवलेली नकली कबुतरं, मांडायचे ते तिथेच, सर ओसरल्यावर. भिजलेलं प्लास्टिक चकाकतं आणि पाखरं बिचकतात, तेव्हा पुसायला फडकं जवळ हवं.

आणि हो, तिकडे हे हौसेच्या नावावर चालत नाही. जनरल लायसन्स, म्हणजे वेगळा अर्ज न करता मिळणारी सरसकट परवानगी, आहे ते पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी. लोळलेल्या पट्ट्यात ते नुकसान डोळ्यांना दिसतं. कापून झालेल्या धसकटांवर तेच कारण पुढे करणं जरा अवघडच.