घाटकोपरची विमान दुर्घटना : आज सकाळी ग्रुपवर झालेली चर्चा

ए-२०४ : सुप्रभात. आज २८ जून. २०१८ साली याच तारखेला आपल्या सर्वोदय नगरमध्ये विमान कोसळले होते. त्याविषयीचा एक संदेश मला आला, तो इथे पाठवत आहे. भरवस्तीतील शेकडो जीव वाचवण्यासाठी वैमानिकाने विमान मुद्दाम बांधकाम सुरू असलेल्या इमारतीकडे वळवले, असे त्यात लिहिले आहे. त्या सर्वांना विनम्र अभिवादन.

सी-७०१ : वहिनी, अभिवादनात मीही सहभागी आहे. मात्र माझ्या माहितीप्रमाणे ते विमान जुने होते. पूर्वी ते उत्तर प्रदेश सरकारकडे होते, अलाहाबादला त्याला एक अपघात झाला आणि त्यानंतर ते एका खासगी कंपनीला विकले गेले. भंगारात काढण्याजोगे विमान उडवले, एवढेच याचे कारण असावे.

बी-१०३ : त्या दिवशी पाऊसही होता. इंजिनात पाणी गेले असेल किंवा इंधन संपले असेल.

ए-५०३ : मी विमान देखभालीच्या कामात तीस वर्षे काढली आणि त्या दुपारी घरीच होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एकच्या सुमारास मोठा आवाज झाला. मी गॅलरीत आलो तेव्हा जीवदया लेनच्या दिशेने काळा धूर वर चढत होता आणि पाऊस पडत असूनही जळक्या इंधनाचा उग्र वास आपल्या गेटपर्यंत आला होता. इंधन संपलेले विमान असे पेटत नाही, त्यामुळे तो तर्क तिथेच बाजूला ठेवावा लागतो. पावसाच्या पाण्याने इंजिन सहसा बंद पडत नाही, कारण अशी इंजिने पावसातून उडण्यासाठीच बनवलेली असतात.

ते दोन टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनच्या जोरावर पंखा फिरवणाऱ्या, इंजिनांचे किंग एअर सी-९० जातीचे विमान होते. दीर्घ दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणासाठी ते जुहूहून निघाले होते. विमानात दोन वैमानिक आणि देखभालीचे दोन अभियंते होते. ते चौघेही गेले आणि खाली रस्त्याने जाणारा एक पादचारीही गेला. बांधकामावरील मजूर त्या वेळी जेवायला गेले होते, म्हणूनच ते बचावले.

विमान अपघात तपास संस्थेच्या, म्हणजे एएआयबीच्या, अहवालात विमानाच्या वयाला कारण ठरवलेले नाही. कमी उंचीवर विमान 'स्टॉल' झाले, असा त्यातील निष्कर्ष आहे. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे, जरी मोटारीमुळे आपल्याला तो शब्द त्याच अर्थाने ठाऊक असला तरी. वेग कमी झाला किंवा नाक प्रमाणाबाहेर वर गेले की पंखावरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, तिथे भोवरे उठतात आणि पंखाची उचल एकाएकी नाहीशी होते.

ही वेळ का आली, याची साखळीही अहवालात आहे. खराब हवामानात वैमानिकांना दिशाभ्रम झाला. आयएलएस ही यंत्रणा वैमानिकाला काट्यांच्या आधारे धावपट्टीच्या रेषेत आणते, पण जुहूला ती सोय नाही. त्यामुळे एका टप्प्यावर काट्यांवरची नजर काढून बाहेर पाहून उडवावे लागते, आणि नेमके तेव्हाच बाहेर नजर ठरवायला काही दिसत नव्हते. त्यातच दोन इंजिनांच्या शक्तीत फरक पडून विमान अनपेक्षितपणे एका अंगावर कलले. स्टॉलचा इशारा मिळाला, पण त्याचे रूपांतर पूर्ण स्टॉलमध्ये होण्यापूर्वी त्याला आवर घालता आला नाही.

ढगात शिरल्यावर कानातील द्रव माणसाला किती फसवतो, हे अनुभवल्याशिवाय पटत नाही. विमान कललेले असते आणि शरीर मात्र 'सरळ आहे' असेच सांगत राहते.

ए-२०४ : म्हणजे त्यांनी विमान वळवले, हे खरे नाही का? त्या दिवशी मोठमोठ्या लोकांनी वैमानिकांना तसे सलाम केले होते.

ए-५०३ : वहिनी, पूर्ण स्टॉल झालेले विमान इतक्या खालच्या उंचीवर हवे त्या जागी नेता येत नाही. ते दोघे शेवटपर्यंत झगडले असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर वळवल्याच्या कथेवर अवलंबूनही नाही. मात्र ती कथा इतकी गोड आहे की ती ऐकल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही : इतक्या दिवसांनी हवेत जाणाऱ्या विमानाची पहिली चाचणी ऐन जूनच्या पावसात, दाट वस्तीवरून का घेतली गेली? मला तो प्रश्न आजही बोचतो.

सी-७०१ : काका, भंगाराविषयीचे माझे विधान मी मागे घेतो.

ए-२०४ : मी पाठवलेला संदेश इथून काढून टाकला आहे आणि माहेरच्या ग्रुपवरही आपले स्पष्टीकरण पाठवते. माझा मुलगा शेजारी बसून हे सर्व वाचत आहे. तो विचारतो, इशारा मिळाल्यावर वैमानिकाने नेमके काय करायचे असते?

ए-५०३ : त्याला सांगा, नाक खाली करायचे, म्हणजे वेग मिळतो आणि पंख पुन्हा हवा धरतात. पण नाक खाली करायला पोटाखाली उंची शिल्लक असावी लागते, आणि त्यांच्याखाली आपल्या गल्लीतील घरे होती.