शब्दचर्चा : 'करपात्र मूल्य' म्हणजे नक्की कशाचं मूल्य?

गाळा नंबर सात

रविवारी सकाळी वडिलांनी मिळकतकराचं बिल माझ्यासमोर आपटलं. "चाळीस वर्षं या दुकानात उभा राहिलो आणि हे म्हणतात त्याचं मूल्य सत्तावीस हजार!" पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, अडीचशे चौरस फुटांचं. सत्तावीस हजारांत तिथे धड शटरसुद्धा बसवून मिळणार नाही. वडिलांना कराच्या आकड्यापेक्षा या अपमानाचं जास्त लागलंय.

शेजारच्याला विचारलं तर तो म्हणाला, ते 'करयोग्य मूल्य' असतं. दुसरा म्हणाला, 'करपात्र रक्कम'. तिसऱ्याने सरळ 'रेटेबल व्हॅल्यू' म्हणून हात झटकले. यातला बरोबर शब्द कुठला, आणि मुळात हे मूल्य आहे तरी कशाचं?

अनुस्वार

आधी गंमत. 'करपात्र' हा शब्द संस्कृतात फार जुना आहे, पण तिथे कर म्हणजे हात. ज्याची ओंजळ हेच भिक्षेचं भांडं, तो करपात्री. महापालिकेच्या बिलावर ओंजळ कोणाची आणि भिक्षा कोणाची, हे ज्याने त्याने ठरवावं.

आता मुद्दा. 'करपात्र' आणि 'करयोग्य' या दोन्हींचा अर्थ 'ज्यावर कर बसू शकतो ते' असाच होतो. घोळ 'मूल्य' या शब्दाने केलाय. आपल्या कानाला मूल्य म्हणजे किंमत. त्यामुळे 'रक्कम' हा शब्द मला बरा वाटतो. रूक्ष आहे, पण निदान खोटी आशा लावत नाही.

हिशेबनीस

वडिलांना सांगा, ती दुकानाची किंमत नाही, दुकानाचं एका वर्षाचं भाडं आहे. तेही खरं भाडं नव्हे, मानलेलं.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कराधान नियमांत ही कल्पना आहे : ही जागा वर्षाच्या बोलीने भाड्याने दिली, तर वाजवीपणे किती भाडं यावं? मालक स्वतः गल्ल्यावर बसत असला तरी कायदा तिथे एक काल्पनिक भाडेकरू उभा करतो आणि त्याच्याकडून भाडं वसूल झालं असं धरतो. त्यातून दुरुस्ती-देखभालीचे दहा टक्के वजा करायचे. उरलं ते करपात्र मूल्य.

तुमचा आकडा उलटा सोडवून बघितला. समजा तुमच्या दुकानाला महिन्याला फुटामागे १० रुपये दर लावलाय. २५० फुटांचे २,५०० रुपये महिना, म्हणजे वर्षाचे ३०,००० रुपये. दहा टक्के गेले ३,०००. राहिले २७,०००. नेमका दर आकारणी पत्रकावर असेल, तो बघून घ्या. क्षेत्रफळही तिथेच तपासा. अनेकांची चूक टक्केवारीत नसते, फुटांत असते.

आणि हा २७,००० म्हणजे कर नव्हे! याच्यावर पुढे टक्के लागतात : सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, जललाभ कर, वृक्ष कर, शिक्षण कर अशी ओळीने पंगत बसते. काहींचे टक्के रकमेच्या टप्प्यागणिक वाढतात. त्यामुळे 'करपात्र रक्कम दुप्पट झाली म्हणजे करही बरोबर दुप्पट' असं गणित करू नका.

गाळा नंबर सात

हे कळलं. पण मग आमच्या ओळीत नव्या इमारतीतल्या तेवढ्याच गाळ्याला आमच्या कितीतरी पट कर कसा?

हिशेबनीस

कारण पुण्यात ज्या वर्षी मिळकतीची आकारणी झाली, त्या वेळचा दर तिला चिकटतो. जुन्याचा जुना दर, नव्याचा नवा. 'वाजवी भाडं' हे शब्द ऐकायला आजचे वाटतात, पण तुमच्या बाबतीत ते कधीचं भाडं आहे ते आकारणीच्या तारखेवर आहे.

मुंबईत ही पद्धतच बदलली. २०१० पासून तिथे 'भांडवली मूल्य', म्हणजे बाजारभावाशी जोडलेली किंमत, धरून कर लागतो. तिथल्या बिलावर 'मूल्य' म्हणजे खरंच किंमत, पुण्याच्या बिलावर भाडं. एकाच राज्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ. तुमचे वडील चिडले ते काही उगाच नाही.

लेस्टरची मावशी

माझी भाची इंग्लंडात छोटं दुकान चालवते. तिच्या बिलावरही 'रेटेबल व्हॅल्यू' असते आणि तीही वार्षिक भाडंच. तिकडे 'रेट' या शब्दाचा अर्थच मुळी स्थानिक कर असा होता, म्हणून कर भरणारा तो रेटपेअर. आपण शब्द घेतला, पण आपल्याकडे रेट म्हणजे भाव! म्हणून 'रेटेबल' ऐकलं की आपल्याला भाव ठरवल्यासारखं वाटतं.

तिच्या बिलाची एक गोष्ट मला आवडली. भाडी कोणत्या तारखेची धरली ते जाहीर असतं. २०२३ च्या १ एप्रिलपासून लागू झालेल्या आकड्यांसाठी २०२१ च्या १ एप्रिलची भाडी धरली होती. मग त्या रकमेला एका गुणकाने गुणायचं आणि लागू असतील त्या सवलती वजा करायच्या. आपल्यासारखी करांची पंगत नाही.

धायरीकर

आमचं गाव २०१७ साली महापालिकेत आलं. तोवर दुकानाला पण आम्ही 'घरपट्टी'च म्हणायचो. आता बिलावर मिळकतकर लिहिलंय, पण वडील अजून "घरपट्टी भरून ये" असंच म्हणतात. दुकानाच्या कराला घरपट्टी म्हणणं चूक का?

अनुस्वार

बोलण्यात अजिबात चूक नाही. पट्टी म्हणजे बसवलेली वर्गणी किंवा कर. पाणीपट्टी, घरपट्टी, फाळापट्टी ही सगळी त्याच घराण्यातली. पण व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना मराठेशाहीत वेगळा शब्द होता : मोहतर्फा. कोष्टी, तेली, दुकानदार यांच्या धंद्यावरचा कर. मूळ अरबी, हिर्फा म्हणजे कसब. शब्द गेला, कर राहिला.

धायरीकर, शब्दातला खरा फरक तुम्हाला रकमेत दिसला असेल. ग्रामपंचायतीची पट्टी आणि महापालिकेचा कर यांत एवढं अंतर असतं की नव्या गावांना पालिकेचा दर एकदम न लावता टप्प्याटप्प्याने चढवतात.

धायरीकर

दिसला म्हणजे काय! शब्द बदलला तेव्हा कोणी काही बोललं नाही, आकडा बदलला तेव्हा अख्खं गाव बोललं.

नदीकाठ

पुण्याबाहेरच्यांना 'मिळकतकर' हा शब्द फार खटकतो हे अनुभवाने सांगते. नागपूरच्या माझ्या जावेला वाटलं, मिळकत म्हणजे कमाई, म्हणजे हा इन्कम टॅक्स. तिने विचारलं, "पुण्यात महापालिका पण इन्कम टॅक्स घेते?" 'मालमत्ता कर' जास्त सरळ नाही का?

अनुस्वार

मराठीत मिळकतीला दोन्ही अर्थ आहेत. 'त्याची महिन्याची मिळकत किती' यात कमाई, 'वडिलोपार्जित मिळकत' यात घर-जमीन. 'मिळणे' या क्रियापदाशी आपण तो आपोआप जोडतो, पण मालकी या अर्थाचा अरबी 'मिल्क'ही मागे उभा आहे. गुजरातीत 'मिलकत' म्हणजे मालमत्ताच. दोन ओढे एका पात्रात आलेले दिसतात. पुण्याने तो शब्द धरून ठेवला, आणि पुणेकर एकदा काही धरून बसला की...

नदीकाठ

पुढचं लिहू नका, समजलं. :)

डॉक्टर साहेब

मला 'बिगरनिवासी'बद्दल विचारायचंय. मी राहत्या फ्लॅटच्या एका खोलीत दवाखाना चालवतो. त्या खोलीला बिगरनिवासी दर लावला. मी हरकत घेतली की मी व्यवसाय करतो, व्यापार नाही. तर समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "रात्री पेशंट तिथेच झोपतात का?"

हिशेबनीस

प्रश्न खोचक, पण शब्दाला धरून आहे. 'व्यापारी' असा शब्द असता तर तुम्ही वाद घालू शकला असता. 'बिगरनिवासी' म्हणजे राहण्यासाठी नसलेलं, एवढंच. त्यात दुकान आलं, वकिलाचं कार्यालय आलं, दवाखाना आला. मात्र त्याला 'अनिवासी' म्हणू नका, नाहीतर तुमची खोली परदेशस्थ भारतीय होईल.

या शब्दामुळे बिलावर आणखी एक ओळ येते, तीही बघून ठेवा : रोजगार हमी कर. तो राज्य सरकारचा, महापालिका फक्त गोळा करून देते. बिगरनिवासी जागांवर बसतो, राहत्या घरांवर नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वाढलेल्या रोजगार हमी योजनेची ही शहरातली खूण. अप्पा बळवंत चौकात वही विकणारा माणूस कुठल्या तरी गावातल्या नाल्याच्या बांधाला हातभार लावत असतो, पण बिलावर ते 'रो.ह. कर' असं आखडून छापलं तर त्याला कळणार कसं?

गाळा नंबर सात

चाळीस टक्के सूट असते असं ऐकलं होतं. ती आमच्या बिलावर दिसत नाही.

हिशेबनीस

इथे पाच मिनिटं थांबा, कारण काउंटरवरचे निम्मे वाद याच चार शब्दांवरून होतात. वजावट, सवलत, सूट, माफी. लोक चारही एकाच अर्थाने वापरतात.

भाड्यातून दुरुस्तीपोटी जाते ती वजावट. ती कायद्यातली आहे, मागावी लागत नाही. (तिला 'घसारा' म्हणू नका. घसारा वस्तू जुनी झाल्याचा, ही वजावट डागडुजीच्या खर्चाची.) चाळीस टक्के ही सवलत, आणि ती मालक स्वतः राहत असलेल्या घरासाठी. पुण्यात १९७० पासून चालत आलेली, मध्ये काढली, २०२३ मध्ये परत आली. दुकानाला ती कधीच नव्हती, त्यामुळे तुमचं काही गेलेलं नाही. मुदतीआधी पैसे भरले की मिळते ती सूट. ती फक्त सर्वसाधारण करावर असते, सगळ्या बिलावर नाही. लोक एकूण रकमेचे टक्के काढून जातात आणि खिडकीवर भांडतात.

माफी ही शास्तीची असते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. अभय योजना आली की त्यातला काही भाग माफ होतो. मूळ कर माफ होत नाही.

अनुस्वार

'शास्ती' या शब्दावर माझा जीव आहे. शास् म्हणजे वळण लावणे, शिक्षा करणे. शास्त्र, शासन, शिष्य ही सगळी त्याच धातूची मुलं. लोक तिला 'व्याज' म्हणतात, पण व्याज वापरलेल्या पैशाचं भाडं आणि शास्ती चुकीचा दंड. आणि त्या शिक्षेतून सोडवणाऱ्या योजनेचं नाव 'अभय'! पौराणिक नाटकातलं वाक्य वाटतं : वत्सा, शास्ती झाली, आता अभय घे.

डॉक्टर साहेब

दोन टक्के महिना म्हणजे वर्षाला चोवीस. वत्सा वगैरे म्हणायला ठीक आहे.

नदीकाठ

'जललाभ कर' आणि 'पाणीपट्टी' यात काय फरक? आमच्या पार्लरला मीटरचं पाण्याचं बिल वेगळं येतं, तरी मिळकतकरात जललाभ आहेच.

हिशेबनीस

मीटर तुम्ही किती पाणी वापरलं ते मोजतो. लाभ कर तुमच्या भागात पाण्याची व्यवस्था आहे, एवढ्यासाठी असतो. नळ उघडा किंवा नका उघडू.

नदीकाठ

म्हणजे नळाला पाणी नसलं तरी लाभ आहेच. बरं.

गाळा नंबर सात

शेवटचा प्रश्न. बिलावर 'मालक' या रकान्यात आजोबांचं नाव आहे आणि 'भोगवटादार' या रकान्यात वडिलांचं. वडिलांना तो शब्द आवडला नाही. म्हणतात, मी काय भोगतोय?

अनुस्वार

भोग या शब्दाला आपण उगाच दोनच टोकं दिली, विलास नाहीतर नशिबाचे भोग. भोगवटा म्हणजे नुसता प्रत्यक्ष ताबा आणि वापर. 'वहिवाट' त्याचीच चुलत बहीण. वडिलांना सांगा, चाळीस वर्षं उभं राहणं यालाच सरकारी मराठीत भोगवटा म्हणतात.

हिशेबनीस

आणि एक कामाचं : कराच्या बिलावर नाव असणं हा मालकीचा पुरावा होत नाही. आजोबांचं नाव बदलायचं तर वारसाची कागदपत्रं लागतील. ते काम आत्ताच करा. पुढे कधी आकारणी वाढल्याची नोटीस आली तर 'हरकत' घ्यायला नावाची माणसं हयात असलेली बरी. हरकत आणि अपील हेही दोन वेगळे शब्द आहेत. हरकत महापालिकेकडे, सुनावणी तिथेच होते. अपील न्यायालयात, आणि तिथे मागणीची रक्कम आधी भरावी लागते.

गाळा नंबर सात

सगळ्यांचे आभार. काल रात्री वडिलांना तुमचं गणित वहीत मांडून दाखवलं. किंमत नव्हे, भाडं, वर्षाचं, दहा रुपये फूट, दहा टक्के वजा. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. राग गेला. मग म्हणाले, "या चौकात दहा रुपये फुटाने गाळा मिळतोय? विचार त्यांना, आणखी दोन घेऊ."

हिशेबनीस

हे इथे लिहिलंत ते ठीक. खिडकीवर बोलू नका, फेरआकारणी लावतील.