फुकटच्या १६० एकरांबद्दल
वर कुणीतरी विचारलंय की अमेरिकेत सरकार १६० एकर फुकट देत होतं तर लोक सोडून का गेले. अहो फुकट म्हणजे नुसती फी माफक, बाकी १८६२ च्या होमस्टेड कायद्यात पाच वर्षं तिथेच राहा, घर बांधा, जमीन कसून दाखवा अशी अट होती. साउथ डकोटा राज्यात बॅडलँड्सच्या (झिजलेल्या, उजाड टेकड्यांच्या मुलखाच्या) कडेला एड ब्राउन नवरा-बायकोने १९०९ मध्ये बांधलेलं घर अजून जपून ठेवलंय, १९७४ पासून ते ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीतही आहे. अर्धं टेकाडात खणलेलं, बाकी भिंती मातीच्या. लाकूड मिळणार कुठून, झाडंच नाहीत! मग गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीच्या पट्ट्या नांगराने काढायच्या, फावड्याने विटांसारख्या तोडायच्या आणि गवताची बाजू खाली करून एकावर एक रचायच्या. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा, पण अशा घरांत छतातून माती गळायची, पाऊस झाला की चिखल, म्हणून बायका आतून कापड ताणून लावायच्या. सरपणाला वाळलेलं शेण, आपल्या गोवऱ्यांचे चुलतभाऊ.

तरी खरी गोची पावसाची, तिकडच्या कोरड्या भागात १६० एकरावर भागेचना, शेवटी १९०९ मध्येच सरकारने काही राज्यांत ३२० एकर द्यायचा कायदा केला. आणि साउथ डकोटातली ही जमीन मुळात सरकारकडे आली कशी तेही बघा, १८८९ मध्ये लकोटांचं, म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांचं, मोठं रिझर्व्हेशन (त्यांच्यासाठी राखून ठेवलेला प्रदेश) फोडून लाखो एकर मोकळे केले, मग वाटायला काय जातंय.