दादांचा कूलरचा सल्ला
कूलरबद्दल सल्ला देणारे आपले दादा गेल्यावर सगळ्यांनी इथे त्यांच्या मायाळूपणाबद्दल लिहिलंय, ते खरंच आहे. कूलरबद्दल कुणी काहीही विचारो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘प्लग काढला का?’ मग पुढचं.

कूलर गरम हवा फेकत असेल तर दादांचा उपाय काय, असं वर एकाने विचारलंय; तो असा. ताटीवर, म्हणजे कूलरच्या बाजूच्या पाण्याने भिजणाऱ्या पॅडवर, उभा कोरडा पट्टा दिसला की तिच्यावर पाणी सोडणाऱ्या वरच्या नळीची छिद्रं क्षारांनी बुजली समजा. झळ तिथूनच आत येते. सुईने छिद्रं मोकळी करा, पंपाची जाळीही धुवा. लोक उगाच नवी ताटी आणतात. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच, नाहीतर खोली दमट होते आणि नवतपात (मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) कूलर असूनही माणूस घामाघूम.

टाकी आठवड्याला नुसती रिकामी करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत पत्र्याला चिकटलेली असतात, म्हणून ब्रशने घासून, कोरडी करूनच पाणी भरायचं. हे सगळं दादा दर उन्हाळ्यात, तोच प्रश्न पुन्हा विचारणाऱ्यालाही, न चिडता सांगायचे. पावसाळी हवेत मात्र पंप बंद, नुसता पंखा.